आर्क्टिक वृत्ताजवळच्या थंडीत स्कीइंग करणाऱ्या मुलीला अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या द्याव्यात का?

प्रश्न थोडक्यात असा: फिनलंडमधल्या ओउलू शहरात राहणाऱ्या एका मराठी आईची १५ वर्षांची मुलगी क्लबतर्फे क्रॉस-कंट्री स्कीइंग करते. आठवड्यातले पाच-सहा दिवस सराव असतो. घर शाकाहारी आहे, अंडी चालतात. यंदा हिवाळाभर मुलीला सर्दी होते आहे, ती लवकर थकते आणि शर्यतीतली वेळ सुधारत नाही. पश्चिम सायबेरियातल्या तरुण खेळाडूंमध्ये क, ई ही जीवनसत्त्वं आणि सेलेनियम, जस्त ही अँटिऑक्सिडंट (पेशींना इजेपासून वाचवणारी) द्रव्यं कमी आढळतात असं आईने वाचलं. क्लबमधल्या एका पालकाने एक पाकीट सुचवलं. त्यात रोजच्या मात्रेला क जीवनसत्त्व १००० मिलिग्रॅम, ई ४०० युनिट, सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम आणि जस्त २५ मिलिग्रॅम आहे. रविवारी शर्यत झाली आणि सोमवारी सकाळी, सर्दी अंगात असतानाच, रक्त तपासलं. हिमोग्लोबिन १२४ (ग्रॅम, लिटरमागे), फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा आकडा) १४, जस्त १०.२ मायक्रोमोल, सेलेनियम १.१ मायक्रोमोल, ड जीवनसत्त्व ४१ नॅनोमोल. पाकीट सुरू करावं का?

ताई, पाकीट सुरू करू नका. मुलीच्या रिपोर्टमध्ये दोन कमतरता खऱ्या दिसतात, लोहाची आणि ड जीवनसत्त्वाची, आणि त्या दोन्ही गोष्टी या पाकिटात नाहीतच. पाकिटात जे आहे त्यातलं बरंचसं तिला लागत नाही, आणि काही मात्रा तिच्या वयाला जास्त आहेत. सहनशक्तीच्या खेळांत उतरलेल्या मुलामुलींच्या आहाराचं काम मी बरीच वर्षं करते आहे. 'उत्तरेकडे राहतो, म्हणजे अँटिऑक्सिडंट कमीच असणार' हे गृहीत धरून गोळ्या देणारे पालक मला सतत भेटतात. त्यांची काळजी रास्त असते, उपाय मात्र चुकीच्या जागी लागतो.

आधी सायबेरियाबद्दल. तुम्ही वाचलेला लेख खांती-मान्सीसारख्या भागातला असेल, तर तिथली परिस्थिती वेगळी आहे. ओब नदीच्या खोऱ्यातल्या त्या प्रदेशात भूजलात लोह आणि मँगनीज जास्त असतं, ताजी फळं-भाज्या फार दुरून येतात आणि हिवाळा लांबलचक असतो. तिथल्या मुलांमध्ये जे कमी आढळलं ते ओउलूतल्या मुलीतही कमी असेल, असं म्हणता येत नाही. उत्तर म्हणजे काही एकच प्रदेश नाही, आणि हा फरक सर्वांत जास्त सेलेनियमच्या बाबतीत दिसतो.

फिनलंडच्या आम्लधर्मी मातीतलं सेलेनियम पिकांना सहज घेता येत नाही. त्यामुळे १९७०च्या दशकापर्यंत तिथल्या लोकांच्या आहारात ते जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी होतं. चीनच्या ईशान्येकडील हेइलोंगजियांग प्रांतात केशान नावाच्या तालुक्यात १९३५ साली हृदयाच्या स्नायूचा एक आजार नोंदला गेला होता आणि पुढे त्याचा संबंध सेलेनियमच्या टोकाच्या अभावाशी जोडला गेला. फिनलंडमध्ये तशी वेळ आली नव्हती, पण सरकारने वाट पाहिली नाही. १९८४ साली निर्णय झाला आणि शेतीच्या मिश्रखतातच सोडियम सेलेनेट मिसळायला सुरुवात झाली. खतातून गव्हात, चाऱ्यातून दुधात, अंड्यांत आणि मांसात सेलेनियम आलं. काही वर्षांतच लोकांच्या रक्तातली पातळी साधारण दीडपट झाली. एका देशाने गोळ्या न वाटता, लोकांच्या ताटात काही न बदलता, मातीतून ही कमतरता भरून काढली. सार्वजनिक आरोग्यातलं इतकं सुंदर काम मी फार कमी पाहिलं आहे. शेजारच्या स्वीडन-नॉर्वेने हा मार्ग घेतलेला नाही, त्यामुळे तिथे राहणाऱ्यांना हे जसंच्या तसं लागू नाही.

आता तुमच्या घरी या. सेलेनियम १.१ मायक्रोमोल म्हणजे लिटरमागे सुमारे ८७ मायक्रोग्रॅम. ही कमतरता नव्हे. पण फिनलंडमध्ये वाढणाऱ्या मुलीच्या मानाने ही पातळी थोडी खालची आहे, आणि त्याचं कारण मला स्वयंपाकघरात दिसतं. तुम्ही चपातीचं पीठ भारतीय दुकानातून आणत असाल, तांदूळ बासमती, डाळी बाहेरच्या, आणि दूध-अंडी आवर्जून सेंद्रिय घेत असाल, तर फिनलंडच्या खतातलं सेलेनियम तुमच्या ताटापर्यंत पोचतच नाही. सेंद्रिय शेतीत ते खत वापरत नाहीत. परदेशातल्या मराठी घरांत हे मी वारंवार पाहते: माणसं राहतात एका मातीवर आणि जेवतात दुसऱ्याच मातीतलं. उपाय सोपा आहे. रोज एका जेवणात तिथल्या पिठाचा पाव, साधं स्थानिक दूध-दही, आणि आठवड्यातून चार-पाच अंडी. एवढ्याने आकडा आपोआप वर जाईल.

गोळीचं गणित मांडून पाहा. १५ वर्षांच्या मुलीची सेलेनियमची रोजची गरज ५५ मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे. युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये १५ ते १७ वयोगटासाठी कमाल सुरक्षित मर्यादा २३० मायक्रोग्रॅम ठरवली. पाकिटातले २०० आणि जेवणातून येणारे पन्नास-साठ धरले की मर्यादा ओलांडली. सेलेनियममध्ये 'पुरेसं' आणि 'जास्त' यांच्यातलं अंतर फार थोडं असतं. जास्त झालं की केस गळतात, नखं ठिसूळ होऊन तुटतात, श्वासाला लसणासारखा वास येतो. पंजाबात नवांशहर-होशियारपूरकडच्या काही शेतजमिनींत ते इतकं जास्त आहे की तिथल्या गुरांना त्याचा त्रास होतो. ब्राझील नटही रोज मूठभर देऊ नका. एकेका दाण्यातलं प्रमाण कुठल्या मातीतून आला त्यावर कितीही बदलतं.

जस्ताचंही तसंच. या वयाला गरज ९ मिलिग्रॅमची, युरोपीय कमाल मर्यादा २२ ची, आणि पाकिटात आहेत २५. जास्त जस्त दीर्घकाळ घेतलं की आतड्यात तांब्याचं शोषण अडतं. पेशीला इजेपासून वाचवणारं सुपरऑक्साइड डिस्म्युटेज नावाचं विकर (एन्झाइम) तांबं आणि जस्त दोन्हींवर चालतं. एक ओतून दुसरं उपाशी ठेवलं, तर ज्या संरक्षणासाठी गोळी घेतली तेच लंगडं होतं.

पण जस्त १०.२ आलंय ना, मग? इथे रक्त कधी काढलं हे महत्त्वाचं ठरतं. संसर्ग किंवा जोरदार श्रमानंतर शरीर जस्त रक्तातून उचलून यकृतात नेतं. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी, सर्दीत काढलेल्या रक्तात ते किंचित कमी दिसणं अपेक्षितच आहे. अ जीवनसत्त्व आणि सेलेनियमही अशा वेळी खाली सरकतात, तांबं उलट वर जातं. ई जीवनसत्त्व रक्तातल्या चरबीबरोबर फिरतं, म्हणून कोलेस्टेरॉल कमी असलेल्या सडपातळ खेळाडूत ते उगाच कमी दिसतं. कोलेस्टेरॉलशी ताडून पाहिल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. क जीवनसत्त्वाचा नमुना थंड ठेवून लगेच प्रक्रिया केली नाही, तर ते नळीतच नष्ट होतं आणि धडधाकट मूल रिपोर्टात स्कर्व्हीच्या उंबरठ्यावर दिसतं. सूक्ष्म मूलद्रव्यांसाठी वेगळी, धातूचा अंश नसलेली नळी लागते. हे सगळं पाळलेलं नसेल, तर 'तरुण खेळाडूंमध्ये अमुक टक्के कमतरता' अशा वाक्यावर मी सहज विश्वास ठेवत नाही.

केसांच्या तपासणीचा सल्ला कोणी दिला तर नाही म्हणा. मोठ्या लोकसंख्येत परिसराचा अंदाज घ्यायला ती वापरली जाते, एका मुलीचं निदान तिच्यावर करायचं नसतं. कोंड्याच्या शाम्पूत अनेकदा सेलेनियम सल्फाइड किंवा जस्ताचं संयुग असतं, ते केसाला चिकटलं की अहवाल बिघडला.

आता मूळ मुद्दा. व्यायामात फ्री रॅडिकल (अस्थिर, चटकन प्रतिक्रिया करणारे रेणू) तयार होतात, ते पेशींना इजा करतात, म्हणून अँटिऑक्सिडंट जास्त घ्यावेत, असा तर्क तुमच्यासमोर मांडला गेला असेल. पहिली अर्धी गोष्ट खरी आहे. जोरदार व्यायामानंतर स्नायूत फ्री रॅडिकल वाढतात हे १९८२ साली प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. पण पुढच्या वीस-तीस वर्षांत जे कळलं त्याने तर्काची दुसरी बाजू पालटली. हेच रॅडिकल स्नायूला निरोप देतात: श्रम वाढलेत, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रं) वाढवा, स्वतःचं संरक्षण वाढवा. सरावातून अंगात येणारी ताकद या निरोपामुळे येते. बाहेरून मोठ्या मात्रेत क आणि ई ओतलं तर निरोपच पुसट होतो.

याचा पुरावा आहे. २००९ मध्ये जर्मनीतल्या एका अभ्यासात तरुणांना चार आठवडे व्यायामाबरोबर रोज क १००० मिलिग्रॅम आणि ई ४०० युनिट दिलं, अगदी तुमच्या पाकिटातलीच मात्रा. व्यायामाने इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद सुधारतो. गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसली नाही. २०१४ मध्ये ओस्लोत ५४ तरुण-तरुणींवर ११ आठवडे सहनशक्तीचा सराव आणि जवळपास तशाच मात्रा, असा अभ्यास झाला. गोळ्या घेणाऱ्यांच्या स्नायूत मायटोकॉन्ड्रियाशी निगडित प्रथिनं अपेक्षेप्रमाणे वाढली नाहीत. प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता मात्र दोन्ही गटांत सारखीच वाढली, हेही सांगायला हवं. म्हणजे तिचं स्कीइंग लगेच बिघडेल असं नाही. पण जिचं शरीर अजून घडतंय आणि जी वर्षानुवर्षं सराव करणार आहे, तिच्या स्नायूतली घडण मंदावू शकेल अशी गोष्ट फायद्याच्या पुराव्याशिवाय रोज का द्यायची?

फिनलंडमध्येच झालेला आणखी एक मोठा प्रयोग सांगते, कारण 'जीवनसत्त्वच तर आहे, काय बिघडेल' हे वाक्य त्याने कायमचं खोडलं. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा नुसती रिकामी गोळी दिली. १९९४ मध्ये निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त. ती माणसं सिगरेट ओढणारी, वयस्क होती. तुमच्या मुलीला तो निष्कर्ष लावायचा नाही. पण गाजर खाणं आणि गाजरातला एक रेणू वेगळा काढून मोठ्या मात्रेत गिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मात्र तिथे सिद्ध झालं.

सर्दीचा प्रश्न रास्त आहे, आणि इथे क जीवनसत्त्वाच्या बाजूने खरंच काही आहे. हेलसिंकी विद्यापीठातले हॅरी हेमिला यांनी या विषयावरचे प्रयोग एकत्र करून तपासले. सामान्य माणसांत रोज क जीवनसत्त्व घेऊन सर्दी होण्याचं प्रमाण फारसं घटत नाही. पण कडक थंडीत किंवा अतिश्रमात असलेल्या लोकांवरचे पाच प्रयोग, म्हणजे मॅरेथॉन धावणारे, स्कीइंगच्या शिबिरातली मुलं, बर्फाळ भागातले सैनिक, मिळून ५९८ जण, यांत सर्दी जवळपास निम्मी झाली. त्यांतल्या काही प्रयोगांत मात्रा पाव ग्रॅम ते एक ग्रॅम होती. म्हणून माझं मत असं: शिबिराच्या किंवा लागोपाठ शर्यतींच्या दोन-तीन आठवड्यांत रोज २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व पोटात जाऊ द्या. एवढ्यात रक्त जवळजवळ संपृक्त होतं, त्याहून जास्त घेतलेलं बरंचसं लघवीवाटे निघून जातं. आणि हे अन्नातून सहज जमतं. काळ्या मनुकांसारखी दिसणारी ती ताजी ब्लॅककरंट, बोथनियाच्या आखाताकाठी वाढणारी सी-बकथॉर्न, लाल ढोबळी मिरची, किवी. यातलं वाटीभर पुरतं. फिनलंडमध्ये जंगलातली फळं वेचण्याचा हक्क सगळ्यांना आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये मुलीला घेऊन जा, फ्रीजर भरा आणि हिवाळाभर दह्यात घाला. कोबीची कच्ची कोशिंबीरही उत्तम. शिजवल्यावर क बरंच जातं.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं, ते फेरिटिन. १४. सर्दीत आणि श्रमानंतर फेरिटिन फसवं वाढतं. म्हणजे एरवी तिचं फेरिटिन याहूनही कमी असण्याची शक्यता आहे. १५ च्या खाली म्हणजे लोहाचा साठा संपलेला, आणि सहनशक्तीच्या खेळाडूंमध्ये आम्ही ३० च्या खालीच सावध होतो. हिमोग्लोबिन १२४ आहे म्हणून 'अ‍ॅनिमिया नाही' असं सांगून तुम्हाला घरी पाठवतील. ते पुरेसं नाही. लोह फक्त रक्ताचं काम करत नाही. स्नायूत ऊर्जा बनवणाऱ्या विकरांना ते लागतं, आणि कॅटलेज हे शरीराचं स्वतःचं अँटिऑक्सिडंट विकर लोहावरच चालतं. तिची दमछाक आणि थांबलेली वेळ याच्याशी मला हाच आकडा जोडलेला दिसतो.

तरी स्वतःहून लोहाची गोळी सुरू करू नका, डॉक्टरांकडे जा. दोन गोष्टी त्यांना स्पष्ट विचारा. पहिली, सीलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याच्या आजाराची) रक्ततपासणी. फिनलंडच्या शाळकरी मुलांत ९९ मागे किमान एकाला हा आजार आढळला आहे, आणि लोह कमी, जस्त काठावर, थकवा, अशी मुलगी समोर आली की तो तपासायलाच हवा. तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नका, नाहीतर ती फसते. दुसरी गोष्ट, पाळी. ती नियमित आहे का, खूप जाते का, की गेले काही महिने आलीच नाही? खूप जात असेल तर लोह तिथे जातंय. येत नसेल तर ती पुरेसं खात नाही असं समजून त्या दिशेने पाहा. स्कीइंगमध्ये हातपाय दोन्ही चालतात, बाहेर उणे दहा-पंधरा तापमान, वर वाढीचं वय, म्हणजे ऊर्जा खूप खर्च होते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या ऊर्जातुटीच्या अवस्थेला नाव देऊन डॉक्टरांचं लक्ष तिकडे वेधलं. जीवनसत्त्वं कमी पडणाऱ्या बहुतेक खेळाडू मुलींमध्ये मुळात जेवणच कमी पडत असतं. आडून विचारू नका, प्रेमाने सरळ विचारा, आणि वजनावर टिप्पणी घरात कुणीही करू नये.

गोळी सुरू झाली तर झुरिकमध्ये तरुण स्त्रियांवर झालेल्या अभ्यासांनुसार एक दिवसाआड दिलेलं लोह जास्त चांगलं शोषलं जातं. सकाळी, रिकाम्या पोटी किंवा फळाबरोबर. दूध आणि चहा त्या वेळी नको. जोरदार सरावानंतर तीन ते सहा तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि ते लोह आत येऊ देत नाही, तेव्हा ती वेळ टाळा. जस्ताची गोळी सोबत देऊ नका, दोघांचं शोषण एकमेकांना अडवतं.

ताटात मोड आलेली मटकी-मूग रोज असू द्या. मोड आणल्याने फायटेट (लोह-जस्त बांधून ठेवणारं द्रव्य) घटतं आणि लोह-जस्त दोन्ही सुटतात. तिथली राय (rye) या धान्याची आंबवलेली, भाकरीसारखी काळी पोळी त्याच कारणासाठी चांगली. उसळीवर लिंबू पिळायला विसरू नका. नाचणीवर लोहासाठी विसंबू नका. तिच्यात कॅल्शियम भरपूर, लोह मात्र समजलं जातं तितकं नाही. ई जीवनसत्त्वासाठी गोळी लागतच नाही: रेपसीड किंवा सूर्यफुलाचं तेल, शेंगदाण्याची चटणी, मूठभर बदाम झाले.

वेळेकडे लक्ष द्या. फिनलंडच्या शाळेत सर्व मुलांना मोफत गरम जेवण मिळतं, १९४८ पासून, पण ते अकराच्या आसपास. सराव संध्याकाळी पाचला. मधले सहा तास मुलगी एका केळ्यावर काढते का ते बघा. दुपारी तीनला पनीर किंवा अंड्याचं सँडविच, सरावानंतर अर्ध्या तासात दूध-पोहे किंवा खिचडी, एवढ्याने मी अनेक मुलींचा थकवा निम्मा झालेला पाहिला आहे.

ड जीवनसत्त्वाचं लवकर सांगते, कारण त्यात वाद नाही. ६५ अंश उत्तरेला ऑक्टोबर ते मार्च सूर्यप्रकाशातून ते बनत नाही, आणि आपल्या सावळ्या त्वचेला उन्हाळ्यातही जास्त वेळ लागतो. ४१ कमी आहे, ५० च्या वर हवं. फिनलंडमध्ये दुधात २००३ पासून ड मिसळतात, २०१० मध्ये ते प्रमाण दुप्पट केलं. सेंद्रिय दुधात किंवा ओटच्या पेयात ते असेलच असं नाही, डब्यावर वाचा. रोज किमान १० मायक्रोग्रॅम पोटात जायला हवं. सध्याची तूट भरायला डॉक्टर थोडी जास्त मात्रा देतील, ती घ्या.

फेरतपासणी आठ ते बारा आठवड्यांनी, सर्दी नसताना, दोन दिवस जोरदार सराव न करता, सकाळी उपाशीपोटी. फेरिटिन, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी तपासणी), जस्त, ड, बस. सीआरपी सोबत असलं म्हणजे बाकीचे आकडे खरे की फसवे ते कळतं. तेव्हाही जस्त कमीच आलं तर रोज ५ ते १० मिलिग्रॅम काही आठवडे देता येईल, लोहाच्या दिवसाआडच्या रिकाम्या दिवशी. आणि क्लबमधल्या त्या पालकांना विचारा, त्यांच्या मुलाचं फेरिटिन कोणी पाहिलं आहे का. त्यालाही तेच पाकीट चालू असेल, तर त्याचीही तपासणी व्हायला हवी.